कानात सांगायचं नाव

लालबाग,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

सौभाग्यवती दुर्गेच्या चरणी (चरण सध्या गिरगावात असल्याने पाकिटावर तोच पत्ता घातला आहे),

मंगळवारी तू रमामावशींच्या मोडलेल्या खुब्याच्या शुश्रूषेस्तव प्रस्थान केलेस, त्यास आज सहावा दिवस. जगाला सांगण्यास कारण उत्तम निवडलेस. अस्थिभंगापुढे कुणी उलटतपासणी करीत नाही. माझ्या वाट्याला मात्र फ्रिजच्या दारावरचा चतकोर कागद आला : ‘फोन करू नका. फोनवर तुम्ही दुसरीकडे बोलता. मला काही सांगायचं असेल तर कागदावर लिहा.’ एकोणतीस वर्षांच्या सहजीवनात तुझे इतके सलग लेखन माझ्या हाती प्रथमच आले. मुद्रितशोधकाच्या सवयीने तपासले. एकही चूक सापडली नाही, ही त्यातली विशेष दुःखद बाब.

तेव्हा कागदावर. वाचनालयाच्या शताब्दी-स्मरणिकेचे काम माझ्याकडे आले आणि सहसंपादक म्हणून दादरच्या निवृत्त शिक्षिका इरावतीबाई आल्या. आमचा व्हॉट्सॲप-व्यवहार अनुस्वारापासून सुरू झाला आणि आठ महिन्यांत अनुस्वाराच्या कक्षेबाहेर बराच दूर गेला, हे मान्य. तो तू एका दुपारी माझ्या फोनवर, चष्मा लावून, साद्यंत वाचलास, हेही मान्य. परंतु मी, शरच्चंद्र गुणाजी परब, वय वर्षे छप्पन्न, सत्यप्रतिज्ञेवर निवेदन करतो की उक्त महिलेस माझा स्पर्श झालेला नाही. हस्तस्पर्श नाही, स्कंधस्पर्श नाही. समितीच्या सभेत एकदा चहाचा पेला देताना अंगुलिस्पर्शाचा संभव निर्माण झाला होता. परंतु पेला कागदी व अतिउष्ण असल्याने उभयतांनी तो तत्काळ टेबलावर ठेवला. इतका निःस्पर्श अपराध दंडसंहितेत शोधून सापडणार नाही.

आपल्या अनुजाची प्रश्नावली आठवते ना? भाची मानसशास्त्राचा प्रबंध करते म्हणून तिचे मराठी मी शुद्ध करून दिले होते. ‘जोडीदाराने (अ) परक्या व्यक्तीशी शरीरसंबंध ठेवला, (ब) परक्या व्यक्तीत जीव गुंतवला : अधिक वेदनादायक काय?’ मी क्षणार्धात ‘अ’वर खूण केली. तू पोळ्या लाटता लाटता पिठाचे बोट ‘ब’वर टेकवलेस. अनुजा म्हणाली, ‘मामा, बहुतेक पुरुष अ, बहुतेक बायका ब. तुम्ही दोघं अगदीच पुस्तकी निघालात!’ आपण तिघे हसलो. आज विचारतो, ‘ब’ ही काय वस्तू आहे? ‘अ’ला खोली लागते, कडी लागते, साक्षीदार मिळू शकतो. ‘ब’चा पंचनामा कसा करावा?

इरावतीबाई हसतात, एवढाच त्यांचा अपराध. गेली दोन वर्षे तुझ्या शेजारी जेवायला बसून मी एकाहून एक सरस कोट्या करतो आणि तू ओ देत नाहीस. विनोदी मनुष्याला श्रोता लागतो. त्यापलीकडे काही नाही.

चौदाव्या मजल्यावर माणसे मुळात दोन. त्यातले एक कमी झाले की लिफ्टसुद्धा अकारण थांबते.

तुझा (प्रथमदर्शनी निष्कलंक) पती,
शरच्चंद्र


गिरगाव,
गुरुवार, १३ फेब्रुवारी

अहो,

पत्र मिळालं. मावशी म्हणाली, ‘काय गं इतकं लिहितो तुझा नवरा?’ मी म्हटलं, ‘प्रतिज्ञापत्र आहे.’ तर घाबरून म्हणते, ‘जागा विकतोय की काय?’

त्यात ‘स्पर्श’ पाच वेळा आहे. मी मोजले.

त्या दिवशी मी काय विचारलं होतं ते आठवतं का? मी विचारलं होतं, ‘तिला काय काय सांगितलंत?’ तुम्ही म्हणालात, ‘अगं, काही झालेलं नाही.’ मी परत विचारलं. तुम्ही परत तेच. मी एक दार वाजवत होते आणि तुम्ही दुसऱ्याच दारातून ‘घरात कुणी नाही’ म्हणून ओरडत होतात.

तुम्ही तिला हात लावला असतात तर मी भांडले असते, भांडी आपटली असती, सरोजवन्संना फोन करून रडले असते. आणि बहुधा घरातच राहिले असते. मी हे रोज स्वतःला विचारून बघते. रोज तेच उत्तर येतं.

१७ जानेवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. तुम्ही तिला एक फोटो पाठवलात. फोन उघडा, बघा. मग लिहा.

दुर्गा


लालबाग,
मंगळवार, १८ फेब्रुवारी

प्रिय दुर्गे,

येथे एक तांत्रिक आपत्ती नमूद करणे प्राप्त आहे. तू गेलीस त्याच सायंकाळी, पश्चात्तापाच्या पहिल्या उमाळ्यात, मी इरावतीबाईंशी झालेला समग्र व्यवहार फोनमधून समूळ नष्ट केला. त्यागाची ही कृती तू पाहावीस अशी इच्छा होती. पाहण्यास तू घरात नव्हतीस, एवढेच न्यून. परिणामी १७ जानेवारीचा पुरावा माझ्याच हस्ते यज्ञात पडला आहे आणि आता आरोपीस आपला अपराध केवळ स्मरणाने शोधावयाचा आहे.

शोधला. तू आरामखुर्चीत, मुख किंचित विस्फारून, निद्रिस्त असतानाचे छायाचित्र मी त्यांना ‘गृहशांती’ या मथळ्याखाली पाठविले होते. तेच असणार. ते अनुचित होते. बिनशर्त दिलगिरी. (ते नसेल, तर कृपया हा परिच्छेद वाचला नाही असे समजावे.)

काल सरोजताईचा फोन आला. ‘शरदा, बायल खंय गेली तुझी?’ मी म्हटले, मावशींच्या खुब्यापाशी. ती म्हणाली, ‘खुबो मोडलो मावशेचो, तोंड तुझा कित्याक उतारला?’ भगिनीला फोनवरून चेहरा दिसतो, या सिद्धीचा उलगडा मला आजवर झालेला नाही.

स्मरणिकेचे प्रकाशन मराठी भाषा दिनाला, सत्तावीस तारखेला आहे. तू पहिल्या रांगेत असावीस, अशी विनंती. दुर्गे, आपण दोघांनी मोठमोठी वादळे पाहिली. या विवाहात ‘ब’ प्रकारचा थोडा धुरळा उडाला असेल. परंतु ‘अ’च्या कसोटीवर आपण दोघेही निष्कलंक आहोत, आणि माझ्या मते संसाराचा पाया तोच. त्या पायावर उभा राहून मी हाक मारतो आहे. ये.

शरच्चंद्र


गिरगाव,
मंगळवार, २५ फेब्रुवारी

अहो,

पुसून टाकलंत. मी वाचलेलं कसं पुसणार?

झोपेतला फोटो मी पाहिला होता. त्याचं काही नाही.

१७ जानेवारीचा फोटो चिठ्ठीचा होता. बारशाच्या बर्फीच्या पुड्यांवर चिकटवायची छापील चिठ्ठी, तिचं प्रूफ. कागद पिवळा पडलेला. वर तारीख, २२ मार्च २००१. खाली तिचं नाव. नावातल्या वेलांटीवर तुमच्या लाल शाईची खूण.

ती ११ मार्चला आली आणि १९ला गेली. बारसं २२ला होतं. नऊ दिवसांच्या मुलीला नाव नसतं, म्हणून इस्पितळाच्या कागदावरही ‘दुर्गा परब यांची मुलगी’ एवढंच आहे. चोवीस वर्षं मी तिला मनात ‘ती’ म्हणते. तिथे पलंगावर मी विचारलं होतं तुम्हाला, ‘नाव काय ठरवलंय?’ तुम्ही म्हणालात, ‘राजपत्रात प्रसिद्ध होईल.’ मग ती गेली. आपण दोघं रिकाम्या हातांनी खाली उतरलो. मी आत बसले, तुम्ही बाहेर टॅक्सीवाल्याला काहीतरी म्हणालात आणि तो मोठ्याने हसला. त्या दिवसापासून मी धरून चालले की ह्यांना काही झालेलं नाही. नाव विचारायचं मग कुणाला?

आता कळतं की नाव होतं. छापून तयार होतं. आपल्याच घरात कुठेतरी होतं. आणि ते पहिल्यांदा कळलं दादरच्या बाईंना. फोटोखाली तुम्ही लिहिलं होतं, ‘हे मी आजवर कुणालाही दाखवलेलं नाही.’ तिने जोडलेले हात पाठवले. त्या ‘कुणालाही’मध्ये मी आले.

बारशाला नाव आधी बाळाच्या कानात सांगतात, मग लोकांना. तुम्ही लोकांना आधी सांगितलंत.

आणखी एक. तुम्ही लिहिलंत, ‘अ’च्या कसोटीवर दोघेही निष्कलंक. तुम्ही असाल. मी नाही. त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, माझ्या ऑफिसातला हितेंद्र. एकदा. हे तुमची बरोबरी करायला लिहीत नाही. तुम्ही ‘दोघेही’ लिहिलंत, ते चुकीचं आहे, आणि मी ते तसंच जाऊ दिलं असतं तर आणखी चोवीस वर्षं गेलं असतं. चूक दिसली की खूण करायची, हे तुमच्याच घरात शिकले.

सत्तावीसला मी येणार नाही.

दुर्गा


लालबाग,
१ मार्च

दुर्गा,

हितेंद्र म्हणजे तो चष्मेवाला? दिवाळीनंतर आपल्या सत्यनारायणाला आला होता तोच? मी त्याला दोनदा प्रसाद वाढला. दुसऱ्यांदा आग्रह करून वाढला. कुठे? एकदा म्हणजे एकदाच? तुला बरं वाटलं? तू घरी आलीस तेव्हा मी काय करत होतो? तो ऑगस्ट मी एकेक दिवस करून आठवतोय आणि मला एकही दिवस आठवत नाही. तो माझ्याहून उंच होता का?

हे शेवटचं खोडणार होतो. राहू दे.

चिठ्ठीबद्दल लिहायला हवं, कळतं मला. तू चार परिच्छेद तिच्याबद्दल लिहिलेस आणि सहा ओळी त्याच्याबद्दल. मी त्या सहा ओळीच वाचतोय. लाज वाटते, पण डोळे तिथेच जातात.

स्मरणिका निघाली. पहिल्या पानावर, मथळ्यात, ‘शताब्दी’चं ‘शताद्बी’ गेलं. तेहेतीस वर्षांत मथळ्यात चूक गेलेली नाही. इरावतीबाईंनी भर सभेत हसून म्हटलं, ‘परबसाहेब, ही तुमचीच एखादी कोटी असणार!’ सगळे हसले. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. या बाई कोण, हेच मला घटकाभर आठवेना.

खाली मिरच्या कुटायचा मोसम सुरू झालाय. डंकांसमोरून जाताना लालबागचा रस्ताच्या रस्ता शिंकतो. आज मी तिथून तीन वेळा गेलो. डोळे पुसत चाललेल्या माणसाला तिथे कुणी काही विचारत नाही.

हे पत्र मी पुन्हा वाचून पाहिलेलं नाही.

शरद


गिरगाव,
शुक्रवार, ७ मार्च

अहो,

सात प्रश्न विचारलेत. उत्तरं देते, कारण तुम्ही ती मनात रचत बसाल आणि ती खऱ्यापेक्षा वाईट असतील.

हो, चष्मेवाला. तोच, प्रसादाचा. त्याला मी बोलावलं नव्हतं, तुम्ही सगळ्या ऑफिसला बोलावलं होतंत. कॉटन ग्रीनला, त्याच्या मावशीच्या खोलीत, मावशी गावाला होती. एकदा म्हणजे एकदाच. बरं नाही वाटलं. पण काहीतरी वाटलं, पाच महिन्यांनी. घरी आले तेव्हा तुम्ही टेबलावर प्रुफं तपासत होतात. मान वर न करता म्हणालात, ‘या, दूरभाषदेवी. आज किती जणांना किती जणांशी जोडलंत?’ ऑपरेटर बायकोवरची तुमची नेहमीची कोटी. मी मोरीत जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिले. उंची तुमच्याएवढीच होती.

आता बघा, सातांतला एकही प्रश्न असा नाही की ‘त्याला काय सांगितलंस?’ तरी सांगते. काहीच नाही. तो त्या जूनमध्ये बदली होऊन आला होता. मला मूल झालं होतं आणि गेलं, हे त्याला माहीतच नव्हतं. बाकी सगळे मला बघितलं की आवाज खाली करायचे. तो डबा उघडून ‘आज काय आणलंय?’ विचारायचा. मला अशा एका माणसाजवळ जायचं होतं जो माझ्याकडे बघून तिला आठवणार नाही. तसं लिहिलं की छान वाटतं, पण ते चूक होतं. मला तेव्हाच कळलं होतं. माफी मागते. सत्यनारायणाच्या दिवशी मागायला हवी होती, तुमच्या हातात प्रसादाचं भांडं होतं तेव्हाच.

मावशी काल म्हणाली, ‘दुर्गे, माझा खुबा बरा होत आला हो. आता तू कशासाठी राहतेस, ते तूच बघ.’ ऐंशी वर्षांची आहे, पण सगळं दिसतं तिला.

माझा प्रश्न एकच. तुमच्या सातांच्या बदल्यात एक. तिला का सांगितलंत, आणि मला का नाही?

दुर्गा


लालबाग,
शनिवार, १५ मार्च

प्रिय दुर्गे,

या पत्राचे आठ मसुदे झाले. पहिल्या सातांत मी अलंकार घातले होते. ते गाळीत गाळीत आठव्यापाशी आलो आहे. जे उरले ते पाठवितो.

टॅक्सीवाल्याने विचारले होते, ‘साहेब, अजून कुणी यायचंय?’ मी म्हणालो, ‘यायचं होतं, पण बेत रद्द झाला.’ त्याला ती कोटी वाटली. तो हसला, म्हणून मीही हसलो. कोटी केली तर पुढचा प्रश्न येत नाही, हे मला त्या टॅक्सीच्या दारात प्रथम समजले. त्यानंतर मी तुझ्याशी एकही वाक्य कोटीवाचून बोललो नाही.

तुला का सांगितले नाही? तुझ्यासमोर मी ते नाव उच्चारले असते तर तू मान वर करून पाहिले असतेस. आणि तुझ्या चेहऱ्यावर मला ती पुन्हा गेलेली दिसली असती. इरावतीबाईंच्या बाबतीत ती कधी आलीच नव्हती, त्यामुळे जाण्याचाही प्रश्न नव्हता. त्यांना सांगणे म्हणजे एक हळवा किस्सा सांगणे होते. बदल्यात जोडलेले हात मिळाले, आणि मला त्या दिवशी (हे लिहिणे भाग आहे) हलके वाटले. तू कॉटन ग्रीनविषयी जे लिहिलेस ते वाचताना मी पेन्सिलीने समासात ‘तंतोतंत’ असे लिहिले, आणि मग मला स्वतःचा इतका संताप आला की खोडताना कागद फाटला.

कारण तुला मी क्षमा केली आहे, असे लिहिता येत नाही. समजले आहे, समजणे आणि क्षमा यांत अद्याप एका खोलीचे अंतर आहे, आणि त्या खोलीत कुणाची तरी मावशी गावाला गेलेली आहे. कंडक्टरने परवा ‘कॉटन ग्रीन’ पुकारले तेव्हा मी माझ्या मुक्कामाच्या दोन थांबे आधीच उतरलो. छप्पन्न वर्षांचा मनुष्य चोवीस वर्षांपूर्वीच्या एका दुपारवर जळतो आहे, हे हास्यास्पद आहे, आणि मला हसू येत नाही. अनुजाला फोन करून विचारले, ‘तुझ्या प्रश्नावलीत ‘क’ का नव्हता? दोन्ही, दोघांनाही, आणि एकाच आठवड्यात?’ ती म्हणाली, ‘मामा, जेवलात का?’

इरावतीबाईंना मी कळविले की मी त्यांना जे दिले ते माझे एकट्याचे नव्हते, आणि आता त्यांच्याशी अनुस्वाराचेही बोलणे होणार नाही. त्यांनी ‘समजले’ एवढेच उत्तर दिले. त्या भल्या बाई आहेत. हे वाक्यही तुला लागेल, तरी खोटे लिहीत नाही.

आता चिठ्ठी. डीटीपीवाल्याने नावात दुसरी वेलांटी टाकली होती, मी लाल शाईने पहिली केली. वस्तुतः दोन्ही चालतात. मी तुला विचारून ठरविणार होतो; तू झोपली होतीस, म्हणून म्हटले उद्या विचारू. तो अठरा मार्च होता.

येत्या शनिवारी बावीस तारीख आहे. मी येऊ का?

शरच्चंद्र


गिरगाव,
बुधवार, १९ मार्च

अहो,

या. दुपारी चार वाजता. मावशी तेव्हा झोपलेली असते.

चिठ्ठी खिशातच ठेवा. ते अक्षर मी एकदा तुमच्या फोनवर वाचलंय, मला पुन्हा वाचायचं नाही. मी ते नाव अजून तोंडाने घेतलेलं नाही, स्वतःशीसुद्धा नाही. वेलांटीचं आपण बोलू. सरोजवन्संना आणू नका. कुर्रर्र करायला कुणी नको.

हितेंद्रबद्दल आणखी काही विचारायचं उरलं असेल तर खाली जिन्यात विचारा. मी उत्तर देईन. पण ते वर घेऊन येऊ नका, त्या दिवशी नको. परत घरी कधी यायचं, यायचं की नाही, ते मी ठरवलेलं नाही. पिशवी भरलेली नाही.

एक सांगायचं राहिलं. पहिल्या पत्रात तुम्ही लिहिलं होतं की दोन वर्षं मी तुमच्या कोट्यांना ओ देत नाही. अठ्ठावीस वर्षं ऑफिसात माझ्या डाव्या कानावर हेडफोन होता. त्या कानाने ऐकू येणं दोन वर्षांपूर्वी जवळजवळ थांबलं. तुम्हाला सांगितलं नाही, तुम्ही त्यावरही काहीतरी म्हणाला असतात. जेवताना तुम्ही माझ्या डाव्या बाजूला बसता.

उजव्या कानात सांगा.

दुर्गा